मोज्यातल्या बाटल्या

गिस्लेन तेसियेचा ट्रक आवारात शिरला की लुआर नदीच्या काठावरचा भलाभला द्राक्षवाला निकालाच्या दिवशीच्या पोरासारखा व्हायचा. ट्रकमध्ये बाटल्या भरायचं यंत्र होतं. असं यंत्र स्वतःचं घ्यायची ऐपत आमच्याकडे मोजक्या घरांची. बाकी सगळे गिस्लेनची वाट बघत. ती यायची, पिंपाला नळी लावायची, आणि घरच्यांची वर्षभराची मेहनत बुचाखाली बंद करून पुढच्या गावाला निघायची.

पण नळी लावण्याआधी एक रीत होती. पहिला पेला गिस्लेनला. घरधनी तो तिच्या हातात देणार आणि टोपी चुरगळत तिच्या तोंडाकडे बघत उभा राहणार. गिस्लेन घोटभर वाईन तोंडात घोळवून बादलीत थुंकायची, जरा वेळ जमिनीकडे बघायची, मग त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणायची, "हे बघ, शेजाऱ्यांना सांगू नकोस. पण यंदा अख्ख्या नदीकाठी तुझ्याइतकी चांगली कुणाची उतरलेली नाही."

हे ती दरवर्षी म्हणायची. आणि प्रत्येक घरी म्हणायची.

आता आमची नदी काही एका चवीची नाही. लेयॉनच्या ओढ्याकाठी सकाळचं धुकं बसतं, द्राक्षांवर बुरशी धरते, ती वेलीवरच सुरकुततात आणि त्यांची मधासारखी गोड वाईन होते. तेच शेनिन जातीचं द्राक्ष पलीकडच्या काळ्या कातळावर लावा, वाईन अशी कोरडी पडते की जीभ टाळूला चिकटावी. सोम्यूरला तांबडी, पेन्सिलीला टोक काढताना येतो तसला वास असलेली. वूव्रेला फेसाळणारी. मधेच कुठेतरी फिकट गुलाबी, मिऱ्याचा झणका असलेली, जी तिथल्या लोकांशिवाय कुणी पीत नाही. पॅरिसची माणसं इथले राजवाडे बघायला येतात आणि जेवताना लांबच्या बोर्दोची बाटली मागवतात. मागवोत बापडे, आम्हाला तेवढीच जास्त उरते.

गिस्लेन हे सगळं चाखायची आणि सगळ्यांना एकच सांगायची, त्यामागे कारण होतं. तिच्या वडिलांची, देझिरेची, लहानशी बाग होती. ती शाळेत असताना बाटल्या भरायला आलेल्या माणसाने पहिला पेला तोंडाला लावला, नाक मुरडलं आणि काही न बोलता नळी लावली. त्या हिवाळ्यात देझिरेने वेली उपटल्या आणि मका पेरला. गिस्लेनला त्या मक्याचा राग आजही आहे.

खरं फक्त एकाला ऐकायला मिळालं, लेओन्स बोप्रोला. लेयॉनकाठच्या या म्हाताऱ्याची गोड वाईन गिस्लेनला मनापासून सगळ्यात आवडायची. पण एका वर्षी पेला तोंडाला लावताच तिला कळलं, की ही अजून आतल्या आत आंबते आहे. तिने नळी गुंडाळली. "लेओन्स, मी भरणार नाही. ही अजून जिवंत आहे, उन्हाळ्यात बुचं उडवील." खोटं कौतुक करणं निराळं आणि आंबती वाईन बुचाखाली कोंडणं निराळं. लेओन्सच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने तिला ट्रकसकट हाकलली आणि दुसऱ्या कुणाकडून बाटल्या भरून घेतल्या. जूनमध्ये त्याच्या तळघरात दिवाळी झाली, एकामागून एक बुचं छताला लागली. त्यानंतर त्याने तिला बोलावलं नाही, तिनेही तोंड दाखवलं नाही. वर्षं गेली.

गुडघे कुरकुरायला लागले तसा गिस्लेनने ट्रक विकला. सोमवारी नवा मालक न्यायला येणार होता. आदल्या दिवशी, मे महिन्यातल्या त्या रविवारी, नदीकाठच्या द्राक्षवाल्यांनी तिला निरोपाचं जेवण दिलं. शेवटची फेरी म्हणून ती ट्रक घेऊनच आली होती. जागा फिर्मँची. हा सोम्यूरचा तांबड्या वाईनवाला, जीभ तिखट आणि मन लोण्याचं. त्याच्या पांढऱ्या दगडात कोरलेल्या तळघरात लांबलचक टेबल मांडलं होतं. कोपऱ्यातल्या भट्टीत लेओन्सची बायको आर्मांदीन फुए नावाचे छोटे पाव भाजत होती. भट्टीतून टम्म फुगून आलेला फुए फोडायचा, आत डुकराच्या मांसाचा मऊ गोळा भरायचा आणि बोटं भाजत खायचा. आर्मांदीनसारखे फुए दुसऱ्या कुणाला जमत नाहीत, म्हणून नवऱ्याचा अबोला असला तरी तिला बोलावणं होतंच.

फिर्मँ पेल्यावर चमचा वाजवत उठला. "गिस्लेन, गेल्या महिन्यात मी आणि वूव्रेची ही मारिनेत एका लग्नात शेजारी बसलो होतो. बोलता बोलता कळलं, की अख्ख्या नदीकाठची सगळ्यात चांगली वाईन माझी आहे. आणि तिचीही आहे."

गिस्लेनच्या हातातला फुए हातातच राहिला.

"मग आम्ही आणखी चौकशी केली. बाई, आपल्याकडे सगळ्यात चांगल्या वायनी इतक्या निघाल्या, की वाईट शोधायला माणूस नेमावा लागेल."

तळघरात खसखस पिकली. फिर्मँने टेबलावरचं फडकं ओढलं. खाली बाटल्यांची रांग उभी होती आणि प्रत्येक बाटलीला लोकरीचा मोजा चढवलेला. कुणाची कुठली ते दिसू नये म्हणून आमच्याकडे असंच करतात.

"चाख, आणि सगळ्यांदेखत सांग. एकच नाव हवं."

लोक हसत होते, पण गिस्लेनचं धाबं दणाणलं. एक नाव घेतलं तर बाकीचे आज घरी जाऊन आपल्याच पिंपांकडे कुठल्या डोळ्यांनी बघणार होते? नाही घेतलं तर आजवर बोललेला एकूण एक शब्द कचऱ्यात. पळून जावं तर दाराशी फिर्मँची खुर्ची. तिने पहिला मोजा जवळ ओढला.

"हा धुतलाय का रे?"

"वाईनने धुतलाय," फिर्मँ म्हणाला.

ती चाखत गेली, बादलीत थुंकत गेली. तिला सगळ्या ओळखू येत होत्या. ही मारिनेतची, ही काळ्या कातळावरची, ही मिऱ्याची गुलाबी. रफू केलेल्या राखाडी मोज्यातली बाटली शेवटी राहिली. तिने ती पेल्यात ओतली आणि रंग बघूनच तिचा हात थांबला. ती वाईन तोंडात घेतली तेव्हा थुंकायची शुद्ध राहिली नाही. अशी गोड, आणि गोडाच्या पाठोपाठ लिंबाच्या सालीसारखी लख्ख, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हे खोटं बोलून झाकण्यासारखं नव्हतं, आणि तिला ते झाकायचंही नव्हतं.

"ही," ती म्हणाली. "ही सगळ्यात चांगली. आणि बाकी प्रत्येकाला मी तेच सांगत आले, दरवर्षी. बघा आता, काय शिव्या घालायच्या त्या घाला."

फिर्मँने खुर्चीची पाठ धरली. मस्करी इतकी सरळ अंगावर येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

मग मारिनेत म्हणाली, "एप्रिलात हिम पडलं होतं ना, त्या वर्षी मी बाग विकायला काढली होती. कागदावर सही तेवढी राहिली होती. तू आलीस, ते तुझं वाक्य बोललीस, आणि मी त्या माणसाला नाही म्हणून कळवलं."

"माझं गारांच्या वर्षी," पलीकडून कुणीतरी म्हणालं.

"माझं बायको गेली तेव्हा," गुलाबीवाला म्हणाला, आणि पेल्यात बघत बसला.

फिर्मँने नाक शिंकरलं. "म्हणजे या थापाडीने थापा मारल्या नसत्या, तर आज इथे सगळीकडे मका असता."

आधी मारिनेत हसली, मग सगळं टेबल हसलं. गिस्लेनला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. पण फिर्मँला मोजा गप्प बसू देईना. "ते राहू दे. हा राखाडी कुणाचा? मी तर टेबलावर ठेवला नव्हता."

भट्टीपाशी हात पुसत आर्मांदीन म्हणाली, "आमच्या ह्यांचा आहे. बाहेर गाडीत बसलेत सकाळपासून. आत चला म्हटलं तर म्हणे, माझं पोट दुखतंय."

दोघांनी जाऊन लेओन्सला जवळजवळ उचलून आणला. तो दारात उभा राहिला, टोपी चुरगळत.

"बुचं उडाली होती," तो म्हणाला. "एकूण एक."

"ऐकलं होतं मी."

"मग एक फोन करायचा होतास."

"काय म्हणू फोनवर? मी सांगितलं नव्हतं का, असं?"

"तेच म्हणशील या भीतीने मीही नाही केला." त्याने टेबलाकडे पाहिलं. "वाटेत या दोघांनी सांगितलं, तुम्हा सगळ्यांना ती गोड बोलली. मला एकट्याला खरं सांगितलं, आणि मी तिला हाकललं. तेव्हापासून लागेल तेवढीच हाताने भरतो, घरापुरती. पिंपं भरून पडलीत, गिस्लेन. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. तुझा ट्रक उद्या चाललाय ना?"

"उद्या सकाळी."

"मग आज आहे."

फुए भट्टीत करपले ते त्यामुळे. अख्खं टेबल उठलं. ट्रक पुढे, मागे गाड्यांची रांग, अशी वरात लेयॉनकाठी पोचली. ज्यांनी जन्मभर एकमेकांच्या तळघरात पाऊल टाकलं नव्हतं ते शेजारी ओळीने उभे राहून रिकाम्या बाटल्या हातोहात पुढे देऊ लागले. फिर्मँने बुचांची पोती उतरवली आणि सगळ्यांना ओरडायचं काम स्वतःकडे घेतलं.

लेओन्सने पिंपातून पेला भरला आणि गिस्लेनला दिला. "आंबत असेल तर सांग. तू हो म्हटल्याशिवाय नळी लागणार नाही. या खेपेलाही हाकलणार नाही."

सगळे थांबले. गिस्लेनने घोट घेतला. आत काही सळसळत नव्हतं. वाईन शांत झाली होती. तिने बादलीकडे पाहिलं आणि ती पायाने बाजूला सारली. उरलेला पेला तिने सावकाश, तळापर्यंत प्यायला. ट्रकशेजारी उभी असताना तिला असं पिताना कुणीच कधी पाहिलं नव्हतं. मग ती पायरीवर बसली, रिकामा पेला लेओन्सपुढे धरला आणि म्हणाली, "भरा. आणि परत जाताना ट्रक चालवायला दुसरं कुणीतरी बघा."