शरदला रस्ता दाखवणारी माणसं

पोलिसांचा फोन माझ्या मोबाईलवर आला. शरद हरवल्याची तक्रार देताना मंगलवहिनींना, त्याच्या बायकोला, स्वतःचा नंबरच आठवेना, म्हणून माझा दिला होता. "निळा शर्ट, चौकड्यांचा?" पलीकडून विचारलं. मी हो म्हणालो. "मग तुम्ही या. बाईंना आणू नका." मे महिन्यातली सकाळ होती. वहिनी समोरच बसल्या होत्या, माझ्या तोंडाकडे बघत. मी काही बोलायच्या आत त्या उठल्या आणि आत जाऊन त्यांनी दुधाखालचा गॅस बंद केला. भाईंदरजवळ मिठागरांच्या कडेला, एका झुडपाच्या सावलीत शरद सापडला होता. शेजारी पाण्याची बाटली होती... रिकामी.

शरद माझा शेजारी. बोरिवलीला आमची दारं समोरासमोर, आणि मैत्री मुलं लहान होती तेव्हापासूनची. अंधेरीच्या एका कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता. वर्षभर टेबलावर वाकून रेघा मारायचा आणि दिवाळीची सुट्टी लागली की पाठीला सॅक लावून कोकणात समुद्राच्या कडेकडेने चालायला निघायचा. रेवसपासून सुरुवात केली होती, मग दरवर्षी आदल्या वर्षी थांबला तिथून पुढे. पुष्कळदा मीही बरोबर असायचो. लॉज घ्यायचा नाही, नकाशा बघायचा नाही. भेटेल त्याला वाट विचारायची, तो सांगेल तिथवर जायचं, तिथे आणखी कुणाला तरी विचारायचं. मी वैतागायचो. "अरे शऱ्या, मोबाईल आहे ना खिशात, त्यात बघ की!" तर म्हणायचा, "मोबाईल जेवायला बस म्हणतो का रे?"

आणि लोक खरंच जेवायला बस म्हणायचे. केळशीच्या पुढे एकदा त्याला सणसणून ताप भरला. ज्या घरी पाणी मागितलं तिथली बाई एकटीच राहत होती. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "असे कुठे जाताय आता? पडा इथं." स्वतःची खाट दिली, पेज करून घातली, ताप उतरेपर्यंत आम्हाला हलू दिलं नाही. निघालो तेव्हा वेशीपर्यंत सोडायला आली. पुढे चालता चालता शरद म्हणाला, "सुऱ्या, आपल्या बिल्डिंगमध्ये असा कुणी अनोळखी माणूस तापाने फणफणत आला तर आपण काय करू?" मी म्हणालो, "वॉचमनला बोलावू." तो हसला. खूप हसला. "म्हणून मी इकडे येतो, यार."

पुढे हर्णैच्या बंदरावर उभा राहून तो मला म्हणाला, "इथून पुढे आपण कधी आलोच नाही ना?" मला वाटलं चेष्टा करतोय. आदल्याच वर्षी आम्ही दाभोळची खाडी ओलांडून गुहागरला गेलो होतो. त्या वर्षी हर्णैला फक्त मासे खायला म्हणून उतरलो होतो... मी त्याला हे सांगितलं, तर तो माझ्याकडे असा बघत राहिला की मीच विषय बदलला. मग डॉक्टर, तपासण्या, गोळ्या. हा आजार बरा होणारा नाही, हळूहळू सगळंच पुसत जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. चालणं सुटलं. म्हणजे आम्ही सोडायला लावलं. पाय मात्र ऐकत नव्हते. एकदा दहिसरहून एका रिक्षावाल्याने त्याला आणून सोडलं. एकदा गोराईच्या जेट्टीवरून एक कोळीण हाताला धरून घेऊन आली. वहिनींनी त्याच्या सगळ्या शर्टांना आतून फोन नंबर शिवला. प्रत्येक वेळी तो परत आला की त्या म्हणायच्या, "जग चांगलं आहे हो, भावजी." मीही मान डोलवायचो. आम्ही त्याच भरवशावर राहिलो.

पोलिसांचा फोन आला त्याच्या आदल्या दिवशी वहिनी आंघोळीला गेल्या होत्या. कामवाली दार नुसतं लोटून कचरा टाकायला खाली उतरली. शरदने पलंगाखालच्या बॅगेतून कोकणातला जुना, निळ्या चौकड्यांचा शर्ट काढून घातला आणि निघाला. त्या शर्टाला नंबर शिवलेला नव्हता.

दिवसकार्य आटोपल्यावर मी आणि त्याची मुलगी मेधा, आम्ही त्याच्या वाटेने विचारत विचारत गेलो. का गेलो, ते सांगता येत नाही. गोराईच्या होडीवाल्याला तो आठवत होता. हात देऊन त्याला बसवून घेतलं होतं. पलीकडे गावात, दारात भाजी विकणाऱ्या एका ख्रिस्ती बाईने त्याला पाटावर बसवून पाणी दिलं होतं, बाटली भरून दिली होती. "हर्णैचा रस्ता विचारत होते. मला काय ठाऊक हर्णै कुठं? मी म्हटलं, काका, मोठा रस्ता हा, उत्तनला जातो." उत्तनला एका दुकानदाराने बिस्किटं दिली आणि पुढे भाईंदरहून एसटी मिळेल म्हणून सांगितलं. त्याच दुकानावर येणाऱ्या एका मोटरसायकलवाल्याने त्याला पाठीमागे घेतलं आणि मिठागरांपाशी, जिथून त्याला वेगळीकडे वळायचं होतं तिथे, उतरवलं. "इतकं छान बोलत होते, गावांची नावं सांगत होते," तो म्हणाला, "मला काही वेगळं वाटलंच नाही..." मेधाने त्याला बाबांचं काय झालं ते सांगितलं. तो गाडीवरून उतरला आणि रस्त्याच्या कडेला खाली बसला. परत येताना ती भाजीवाली आम्हाला बघून उठली. आमचे चेहरे बघून तिला कळलं असावं. "मीच दाखवला हो रस्ता," एवढंच ती म्हणत राहिली.

घरी येऊन आम्ही वहिनींना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, शेवटपर्यंत त्याला चांगली माणसं भेटली, हे ऐकून त्यांना जरा बरं वाटेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एकानं जरी हाकललं असतं ना भावजी, तर ते मागे फिरले असते."

ज्या गोष्टीवर शरदने आयुष्यभर विश्वास ठेवला, तीच त्याला हाताला धरून पुढे पुढे घेऊन गेली, आणि त्यात कुणाचीच चूक नव्हती. चूक असती तर निदान रागवायला कुणीतरी मिळालं असतं.

मी रोज संध्याकाळी समोर जाऊन बसतो. शरदच्या आजारात त्यांच्या दाराला अगदी वर, त्याच्या नजरेत येणार नाही अशी एक कडी बसवली होती. वहिनी ठेंगण्या, त्यांचा हात तिथे पोचत नाही. बेल वाजवली की आत स्टूल सरकल्याचा आवाज येतो, मग त्या चढतात, कडी निघते. परवा मी म्हणालो, "वहिनी, सुताराला बोलावून काढून टाकू या का ही? पडाल एखाद्या दिवशी." त्या म्हणाल्या, "बसा तुम्ही, चहा ठेवते." आणि मी आत आल्यावर त्या पुन्हा स्टुलावर चढल्या आणि त्यांनी वरची कडी लावली.