छातीवरचा पंजा

फिटरने आपल्या दाजींशी बोलणं टाकलं, त्याला दोन हंगाम होत आले होते. त्या दोन हंगामांत दोघांनी मिळून एकतीस सामने चालवले आणि कुणाची तक्रार आली नाही.

सॉफ्टबॉलमध्ये हे जमतं. फिटर प्लेटमागचा, म्हणजे फलंदाज उभा राहतो आणि धाव पुरी होते तिथला पंच, कॅचरच्या पाठीशी जाळीचा मुखवटा घालून वाकलेला. दाजी आत, बेसच्या मध्ये. ते टपाल वाटायचे, त्यामुळे पाय पक्के. मधल्या अंतरात ओरडून बोलायचं नसतं. खेळाडू कान टवकारून असतात. बोलायचं ते हातांनी. दोन आउट झाले की तर्जनी आणि करंगळी वर, कारण शेजारची दोन बोटं लांबून एकच दिसतात. मनगटावर दोन बोटं टेकवली तर धाव आधी की आउट आधी, ते बघ. आणि छातीवर उघडा पंजा ठेवला तर मला काही दिसलंय, विचारलंस तर सांगतो.

विचारलंस तरच. निर्णय ज्याचा त्याचा. दुसऱ्याने आपणहून नाक खुपसायचं नाही.

स्कोअर लिहिणारी बाई म्हणायची की असं भांडण तिच्या सासरी असतं तर तिने देवाकडे दुसरं काही मागितलं नसतं.

भांडण पंपावरून झालं होतं. ताईच्या घरी पाणी वर चढेना. फिटर तीस वर्षं पंपाच्या कारखान्यात होता. त्याने पंपावर हात ठेवला, आवाज ऐकला, बेअरिंग गेलंय म्हणाला आणि रविवारी बदलतो असं सांगून गेला. रविवारी तो नवं बेअरिंग आणि हत्यारांची पिशवी घेऊन तीन जिने चढला, तर नळाला पाणी. दाजींनी शुक्रवारीच दुसरा माणूस बोलावला होता. काय बिघडलं होतं हेही न विचारता फिटर आला तसा जिने उतरला. त्यानंतर ताईने दोघांनाही सांगून पाहिलं. एकही हलला नाही.

संघटनेच्या सेक्रेटरींच्या कानावर हे होतंच. मुलींच्या अंतिम सामन्याआधी त्यांनी फिटरला बाजूला घेतलं. घरचं घरी ठेवा म्हणाले, आज प्लेटवर एक निर्णय जरी चुकला तर पुढच्या हंगामात तिथे दुसरा माणूस उभा राहील. फिटर हो म्हणाला. कारखान्याने त्याला वर्षभरापूर्वी भांडाराच्या खिडकीत बसवलं होतं. नेमकं करावं असं काम म्हणून प्लेटच उरली होती.

सातवा डाव, शेवटचा. फलंदाजी करणारा संघ एका धावेने मागे, दोन आउट, दुसऱ्या बेसवर एक मुलगी. फिटरने तर्जनी आणि करंगळी दाखवली, दाजींनी तीच परत दाखवली. चेंडू उजवीकडे गेला. मुलगी तिसरा बेस ओलांडून प्लेटकडे धावली, चेंडूही आला, मुलगी घसरली, कॅचरने तिला ग्लव्ह लावला. धूळ उडाली. कॅचरच्या मुठीत चेंडू पाहून फिटरने मूठ वर केली.

आउट. सामना संपला. एका बाजूच्या मुली नाचत मैदानात आल्या, दुसऱ्या बाजूचा कोच टोपी हातात घेऊन फिटरकडे धावला. चेंडू ग्लव्हमधून पडला होता, म्हणजे आउट नाही, तुमच्या जोडीदाराला विचारा, असा त्याचा धोशा.

फिटरने वर पाहिलं. दाजी जागचे हलले नव्हते. छातीवर उजवा पंजा, बोटं पसरलेली. कोच त्यांच्याकडेही जाऊन ओरडून आला. दाजींनी तोंडातून ब्र काढला नाही. ते फक्त फिटरकडे बघत होते.

विचारलं नाही तर निर्णय कायम. सेक्रेटरी मंडपात उभे होते, तेही बघत होते. विचारलं तर चूक सगळ्यांसमोर.

फिटरने मुखवटा काढला आणि चालू लागला. दाजीही निघाले. दोघं मध्ये भेटले. फिटरने ओठ दिसू नयेत म्हणून मुखवटा तोंडासमोर धरला.

"काय दिसलं?"

"ग्लव्हमधून निसटला. तिने जमिनीवरून उजव्या हाताने उचलला. तू मागे होतास, तुला दिसणार नाही."

"नक्की?"

"नक्की नसतं तर हात ठेवला असता का?"

फिटर परत प्लेटपाशी गेला, दोन्ही हात आडवे पसरले आणि सेफ म्हणून सांगितलं. बरोबरी झाली. सामना आठव्या डावात गेला आणि त्या कोचचाच संघ दोन धावांनी हरला. कोचने कुणाचे आभार मानले नाहीत.

कपडे बदलायच्या खोलीत फिटर पायाच्या ढाली सोडत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "दोन पावलं डावीकडे सरकलो असतो तर दिसलं असतं. गुडघा दुखत होता, नाही सरकलो."

दाजींनी बुटाची नाडी सोडली.

"पंपाच्या वेळीही असाच हात ठेवून थांबायचं होतं, दाजी."

"तुझी ताई तीन दिवस खालून बादल्या आणत होती. तिथे कोण सामना थांबवतो?"

फिटरने ढाली पिशवीत टाकल्या. मग विचारलं, "काय निघालं?"

"फूट व्हॉल्व्ह. कचरा अडकला होता."

फूट व्हॉल्व्ह खालच्या टाकीत, पाइपाच्या तळाशी असतो. तो बघायचा तर टाकीचं झाकण काढावं लागतं. झाकण जड होतं, आणि त्या दिवशी फिटरने ते उचललंच नव्हतं. आवाजावरून सांगून मोकळा झाला होता.

पुढच्या हंगामाची यादी लागली, तेव्हा प्लेटमागे दाजींचं नाव होतं आणि फिटर बेसवर. त्याने ती दोनदा वाचली आणि नवे बूट घेतले. बेसवर पळावं लागतं.

त्याच रविवारी तो ताईकडे गेला. चहा नंतर घेतो म्हणाला. टाकीचं झाकण एकट्याने उचलून बाजूला ठेवलं, व्हॉल्व्ह वर काढून पाहिला. काम ठीक होतं. पाइप धरणारी पट्टी जराशी सैल होती, ती त्याने दोन आटे आवळली. आवळण्याआधी दाजींना विचारलं.