दहा मिनिटांची कडी

गफूर पिंजारी बोलताना मान किंचित डावीकडे वळवून बघायचा. नवख्या माणसाला वाटे, हा आपल्याकडे संशयाने बघतोय. तसे काही नव्हते. त्याचा डावा डोळा गेलेला होता आणि समोरचा माणूस पुरता दिसावा म्हणून तो उजवी बाजू पुढे करायचा. सवय झालेल्यांना उलट ते बरे वाटे. आपले बोलणे कोणीतरी नीट लक्ष देऊन ऐकते आहे, असा भास होई. तो भास बहुतेक वेळा खराच असे.

पेठ गावात पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला त्याचे पत्र्याचे दुकान होते. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक उंबरा. बॅटऱ्या चार्ज करून देणे, त्यात पाणी भरणे, सुटलेल्या तारा जोडणे, एवढाच धंदा. ट्रॅक्टरच्या, टेम्पोच्या बॅटऱ्या येत. ज्या वाड्यांवर वीज नव्हती तिथली माणसे रविवारचा टीव्ही चुकू नये म्हणून शनिवारी डोक्यावर बॅटरी घेऊन येत. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवत असे आणि मंचरला जायला सयाजीची जीप पकडत असे. जीप थांबायची ती गफूरच्या दारातच, कारण तिला पुन्हा सुरू करायला बहुतेक वेळा गफूर लागायचा.

"सयाजी, बॅटरीत बोअरचं पाणी ओततोस," गफूर म्हणे. "ती काय म्हैस हाये का?"

"म्हैस बरी," सयाजी म्हणे. "धक्का न मारता उठती तरी."

आम्ही प्रवासी खाली उतरून धक्का मारत असू. मीही मारलेला आहे, साडीचा पदर खोचून. विद्यार्थ्यांनी पाहिलेही आहे.

१९९७ च्या उन्हाळ्यात एका गुरुवारी गफूरचा डोळा गेला. दर गुरुवारी संध्याकाळी लोबानवाले बाबा दुकानादुकानांतून धूपदानी फिरवत. निखाऱ्यावर ऊद टाकायचा, गल्ल्याला धूर द्यायचा, मालाला द्यायचा आणि पुढच्या दुकानात जायचे. त्या दिवशी गफूरच्या बाकावर सहा बॅटऱ्या ओळीने चार्जिंगला लावल्या होत्या, सगळ्यांची बुचे उघडी. बाबा दारातूनच परतत होते. गफूरने त्यांना हाक मारली.

"बाबा, इकडंबी दावा. पोट तर ह्यांच्यावरच हाये."

बाबांनी धूपदानी बॅटऱ्यांवर धरली. फटाक्यासारखा आवाज झाला, एका बॅटरीचे कवच फुटले आणि आतले ॲसिड गफूरच्या तोंडावर उडाले.

आबेदा, त्याची बायको, मागे भाकरी थापत होती. ती धावत आली. उन्हाळ्याचे दिवस, नळाला चार दिवसांनी पाणी, आणि माठ तळाला गेलेला. माठातले दोन तांबे तिने ओतले आणि ते संपले. मग तिची नजर फळीवरच्या बाटल्यांवर गेली. बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याच्या बाटल्या. तिने दातांनी बुचे उपटून एकेक बाटली नवऱ्याच्या डोळ्यांवर रिकामी केली. अशा अकरा बाटल्या. सयाजीची जीप दारात लागेपर्यंत तिने हात थांबवला नाही. मंचरच्या डॉक्टरांनी विचारले, इतके पाणी कोणी ओतले? बायकोने, हे कळल्यावर म्हणाले, उजवा डोळा त्या बाईने वाचवला आहे.

बाबा दवाखान्याच्या पायरीवर बसून रडत होते. गफूरने त्यांना आत बोलावून घेतले आणि सांगितले, "बाबा, मीच हाक मारली व्हती. तुमी कशाला रडता?"

हे त्याने सगळ्यांना सांगितले. बाबांवर कोणी शब्द ठेवू नये म्हणून तो हे पुन्हा पुन्हा सांगत असे.

आबेदाने मात्र आपले मन पक्के केले. उंबरा ओलांडून ती पुन्हा दुकानात पाऊल टाकेना. जेवणाचे ताट उंबऱ्यावर ठेवून परत फिरे. तिच्या भावाचे जुन्नरला बांगड्यांचे दुकान होते आणि तो गफूरला सामावून घ्यायला तयार होता. मी भेटायला गेले तेव्हा ती मला म्हणाली, "बाई, देवानं एक डोळा ठेवलाय. तो बी ह्या पत्र्याखाली घालवायचा का? पुढच्या वर्षीच्या दसऱ्यापर्यंत बघते. तवर माझी भीती गेली तर ठीक. न्हाई तर बिऱ्हाड जुन्नरला."

गफूरला बांगड्या विकता आल्या नसत्या असे नाही. पण बॅटरीला कान लावून आतल्या बुडबुड्यांवरून ती किती भरली हे सांगणारा माणूस तो. जुन्नरला त्याने कान कशाला लावला असता?

एका रविवारी तो माझ्या घरी आला. खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "बाई, बॅटरीतनं असं निघतं तरी काय?"

मला त्या क्षणी फार लाज वाटली. बरणीत हायड्रोजन गोळा करून त्याला काडी दाखवायचा प्रयोग मी वीस वर्षे मुलांना करून दाखवत होते आणि तितकीच वर्षे त्या दुकानावरून जात होते. उघड्या बुचांच्या बॅटऱ्या रोज दिसत, आणि चार्ज होताना त्यांतून तोच हायड्रोजन निघतो. त्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकदाही एकत्र आल्या नव्हत्या.

मी त्याला शाळेत नेले. तोच प्रयोग करून दाखवला. फट् आवाज झाला तसा तो दोन पावले मागे सरला आणि त्याचा हात डोळ्याकडे गेला. मग म्हणाला, "परत करा." मी परत केला. "परत करा." तिसऱ्या वेळी तो जागेवरून हलला नाही. जाताना एवढेच म्हणाला, "म्हंजी हा वारा दिसत न्हाई, वासाला येत न्हाई, आन ठिणगीची वाट बघत बसतो. मंग ह्याला कोंडून ठिवाय नगं, आन ठिणगी जवळ याय नगं."

माझ्या वर्गात इतके थोडक्यात उत्तर कोणी लिहिले नव्हते.

पुढचे श्रेय माझ्या कंबरदुखीला आहे. त्या दुखण्यामुळे मी कपडे धुण्याचे यंत्र घेतले. दोन टोपल्यांचे, एकीत धुणे, दुसरीत पिळणे. त्याची वायर बघायला गफूर आला होता. पिळण्याची टोपली गरगर फिरत असताना मी सवयीने तिचे झाकण उघडले. टोपली थांबली. गफूर हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच धरून उभा राहिला.

"बाई, झाकण उघडलं म्हून थांबलं?"

"हो. कोणाचा हात जाऊ नये म्हणून."

"परत करा," तो म्हणाला.

त्या दिवशी माझे कपडे सात वेळा पिळले गेले.

महिन्याभरात त्याने सागवानी फळ्यांची पेटी केली. आतून ॲसिडला दाद न देणारा रंग, वर काचेचे झाकण, आणि झाकणाच्या कडेला माझ्या यंत्रात होते तसे बटण. झाकण उचलले की चार्जिंगचा करंट बंद. वायूसाठी एक नळी थेट पत्र्याबाहेर काढलेली. मला दाखवायला बोलावले. मला ती आवडली, पण मास्तरकीची खोड जात नाही. मी म्हटले, "करंट बंद झाला, पण आत साठलेला वायू? तो झाकण उघडल्या उघडल्या संपतो का?"

गफूरने मान वळवून माझ्याकडे बघितले. मग पेटीकडे. मग हसला. "बाई, तुमी पास करत न्हाई सहजी."

वारा खेळता ठेवायला त्याने पेटीत पंखा बसवला. दोन दिवसांनी स्वतःच काढला, कारण पंख्याच्या मोटारीतच बारीक ठिणग्या उडतात, हे त्याला अंधारात मोटार फिरवून बघताना दिसले. चोराच्या हाती किल्ली दिल्यासारखे झाले, म्हणाला. मग पंखा बाहेर, हातभर लांब, आणि तिथून नळीने ताजी हवा पेटीच्या तळाशी. पंखा चालायचा बॅटरीवर, म्हणजे वीज गेली तरी तो थांबू नये.

राहिली ती वायू निघून जाईपर्यंत झाकण धरून ठेवणारी कडी. तिचा मुख्य भाग त्याने माझ्याच यंत्राच्या जातीच्या एका मोडक्या यंत्रातून मिळवला. धुण्याची वेळ लावायची चावीची खुंटी, टिक टिक करत मागे येणारी. तिला त्याने झाकणाची कडी जोडली. झाकण उघडायचे असेल तर आधी खुंटी फिरवायची. फिरवताच करंट बंद, पंखा चालू. दहा मिनिटांनी खुंटी शून्यावर येई आणि तेव्हाच कडी सुटे. त्याआधी कितीही ओढा, झाकण हलत नसे.

आबेदा हे सगळे उंबऱ्यावरून बघत होती. तांदूळ निवडत, लसूण सोलत, पण बघत होती. तिचा दसरा जवळ येत होता.

एका डोळ्यामुळे गफूरला अंतराचा अंदाज येत नसे आणि बॅटरीत पाणी भरताना ते बाहेर सांडे. त्यावर त्याने कोंबड्यांकडून उपाय घेतला. आमच्या भागात पोल्ट्र्या पुष्कळ. तिथे उलट्या भांड्यातून ताटलीत पाणी येते आणि ताटली भरली की आपोआप थांबते. तशी त्याने एक बाटली केली. उलटी धरायची, तिचे तोंड आतल्या पाण्याला टेकले की धार बंद. सयाजी म्हणे, "गफूरभाई, आता बॅटरी अंडी बी देईल का?"

खंडेनवमीचा दिवस आला. आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची, यंत्रांची पूजा असते. जीप धुऊन झेंडूच्या माळा घालून तयार. पण सयाजीची बॅटरी सकाळीच बसली होती, म्हणून ती गफूरच्या पेटीत. मला झेंडू आणायला मंचरला जायचे होते म्हणून मी दुकानात स्टुलावर बसले होते. गफूर दुपारच्या नमाजाला गेला होता. आबेदा उंबऱ्याच्या आत उभी होती.

सयाजी आला तो पूजेचे ताट घेऊनच. ताटात हळदकुंकू, नारळ आणि पेटलेला कापूर.

"सयाजी, थांब," मी उठत म्हटले, "ते ताट बाहेर ठेव."

"बाई, गाडी भाईर बिनजिवाची हुबी हाये. जीव हितं पेटीत. पूजा कुणाची करू?" काचेतून त्याला आपली बॅटरी दिसत होती. बोलता बोलता त्याने एका हाताने झाकण ओढले.

झाकण हलले नाही. त्याने जोर लावला. ताट कलले, कापूर काचेवर पडता पडता राहिला. कडी तशीच.

"आयला, अडाकलंय जनू. भाभी, कसं उघडायचं हे?"

मी त्याचा हात धरायच्या आत आबेदा पुढे आली होती. जवळजवळ दीड वर्ष न ओलांडलेला उंबरा तिने कधी ओलांडला, ते तिलाही कळले नसावे. तिने सयाजीच्या हातातून ताट घेतले, बाहेर रस्त्याकडेच्या दगडावर नेऊन ठेवले आणि परत येऊन खुंटी फिरवली. कोणी न शिकवता, बरोबर दहावर.

"दहा मिन्टं."

"भाभी, पूजेची येळ जाईल!"

"तुझं डोळं गेलं तर येळ कशानं बघशील?"

पंखा घुमू लागला. खुंटी टिक टिक करत मागे येत होती आणि आम्ही तिघे तिच्याकडे बघत होतो. बाहेर दगडावर कापूर आधी निळा झाला, मग विझला. कोणाच्या तरी जीपने हॉर्न दिला. शेवटी खट् असा आवाज झाला आणि कडी सुटली.

आबेदाने स्वतः झाकण उचलले. सयाजीने बॅटरीला कुंकू लावले, हात जोडले.

गफूर पायरीवर उभा होता. केव्हा आला, माहीत नाही. दुकानात आबेदाला बघून त्याचा पाय तिथेच थांबला होता. त्याने मान वळवून तिच्याकडे बघितले, नेहमीसारखे, पण जरा जास्त वेळ.

"बघता काय?" आबेदा म्हणाली. "जुन्नरला फोन करा. भावाला म्हणावं, बांगड्यांना दुसरा माणूस बघ."

"करतो," गफूर म्हणाला.

"फोन मागनं करा," सयाजी म्हणाला, "आधी माझ्या गाडीत जीव घाला."

पुढे भारनियमनाची वर्षे आली, घरोघर बॅटऱ्या आल्या. आणे गावच्या पठारावरून, पिंपरी पेंढारहून माणसे पेटी बघायला येत. गफूर वहीच्या कागदावर आकृती काढून देई आणि सोबत सांगे, "अक्कल बाईंची, यंत्र बाईंचं, डोळा आबेदाचा. आपली निस्ती फळी." हे खरे नव्हे. मी त्याला फक्त एक बरणी आणि एक काडी दाखवली होती. त्याने मात्र माझ्या वीस वर्षांच्या धड्याचा उपयोग करून दाखवला. कोणत्या शिक्षकाच्या वाट्याला हे येते?

मी निवृत्त झाल्यावरही गुरुवारी संध्याकाळी तिकडे फेरी मारत असे. लोबानवाले बाबा थकले होते, पण येत. ते आता दुकानात शिरत नसत. बाहेर, सयाजीचे ताट ठेवलेल्या त्या दगडापाशी थांबत. गफूर हातातले काम ठेवून बाहेर जाई, धूपदानीवर ओंजळ धरी आणि धूर दोन्ही डोळ्यांवरून फिरवी, आधी उजव्या, मग डाव्या.