कच्चा लाल

माझ्या थोरल्या जावेला दोऱ्यातलं काही कळत नाही, हे मी तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे. म्हणून इथे लिहिताना संकोच वाटत नाही.

तिच्या घरी भरतकामाचं कम्प्युटरवालं मशीन आलं ते पुतणीमुळे. पोर बंगळूरला नोकरीला लागली आणि पहिल्याच दिवाळीला आईसाठी ते धूड घेऊन आली. नक्षी मशीनच्या पोटात आधीच भरलेली. बटण दाबलं की सुई आपली आपण फुलं, पानं, हत्ती काढत सुटते. माणसाला दोनच कामं उरतात. कापड रिंगेत ताणून बसवायचं आणि दोरा निवडायचा. ताणायला हातात जोर लागतो, तो जावेकडे होता. दोरा निवडायला डोकं लागतं.

मी तेव्हा बरीच वर्षं घरीच भरतकाम करत होते. माझं मशीन साधं, मोटर बसवलेलं, रिंग हातांनीच फिरवायची. ओळखीच्या बायकांचे ब्लाऊजचे गळे, बाह्या, बाळांची दुपटी. दोरे मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवायचे, लाल एका डब्यात, हिरवे दुसऱ्यात, आणि डबे आतल्या खोलीतल्या कपाटात, अंधारात. जाऊ पाहुण्यांना सांगायची, "हिच्याकडे बिस्किटांचा कारखाना आहे."

तिचे दोरे कसे असायचे तेही सांगते. थोरले दीर इथे म्हैसूरजवळच बेळगोळला एका कारखान्यात होते. त्यांनी कुणा वेल्डरकडून भिंतभर लोखंडी जाळी करून आणली, तिला बोटाएवढ्या खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एक रीळ. हे प्रकरण बसवलं बाहेरच्या खोलीत, पश्चिमेच्या खिडकीसमोर. दुपार कलली की ऊन थेट रिळांवर. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळे रंग ओळीने, शाळेतल्या तक्त्यासारखे. पाहुणा आला की त्याला आधी भिंत दाखवायची, पाणी मागाहून.

"अक्का, इथे ऊन येतंय," मी पहिल्याच दिवशी म्हटलं.

"येऊ दे की. कसे चमकतात, नोडु, बघ तरी!"

"आज चमकतात. पुढच्या वर्षी रंग विटेल आणि दोरा कुजेल. ओढलात की तुटेल."

"साकु गं," ती म्हणाली. साकु म्हणजे पुरे. आमच्या घरात बोलणं तोडायचं असलं की सगळे मराठीतून कन्नडमध्ये शिरतात.

दोरे घ्यायला ती देवराज मोहल्ल्यात जायची. एकदा मलाही बरोबर नेलं, आणि मग परत कधी नेलं नाही. मी दोरा घेते तो असा. रिळावर रंग बघत नाही, कारण रिळावर तो दाटलेला दिसतो आणि कापडावर उघडा पडतो. एक पदर सोडवून दुकानाच्या दाराशी उजेडात येते, बरोबर आणलेल्या कापडाच्या तुकड्यावर आडवा टाकते. मग दोन्ही हातांनी झटका देते. चांगला दोरा बोटात रुततो, वाईट मुकाट तुटतो. लाल किंवा मरून असेल तर बोट ओलं करून दोरा पांढऱ्या चिंधीवर घासते. एवढं होईपर्यंत दुकानदार जांभया देतो. देऊ दे.

"अय्यो, वांगी घ्यायला आलीस काय?" जाऊ कुजबुजली. "लाज आणतेस." आणि दुकानदाराकडे वळून तिने तिची एकमेव परीक्षा घेतली, "रंग जाणार नाही ना?"

"ग्यारंटी अम्मा. बण्ण होगल्ला."

रंग जाणार नाही. जणू त्यानेच तो रंगवला होता. त्याने ही रिळं खोक्यातून काढून काचेत मांडली, एवढाच त्याचा आणि रंगाचा संबंध. पण जावेला तेवढं पुरलं. नाव नाही, गाव नाही अशी झगझगीत रिळं पिशवीभर घेऊन ती विजयी मुद्रेने रिक्षात बसली.

मला खरा राग यायचा तो याचा, की आम्ही दोघी रंगाऱ्यांच्या लेकी आणि रंगाऱ्यांच्याच सुना. दोन्ही घरांचा पिढीजात धंदा कापड रंगवण्याचा आणि छापण्याचा. आमच्याकडे तो करणारे माझे वडील शेवटचे. पुढे गिऱ्हाईक सरलं आणि ते एका गोदामात हिशेब लिहायला लागले, पण मी लहान असताना परसात रंगाची भांडी होती. नवा रंग केला की वडील त्याची ओली पट्टी आणि एक पांढरी पट्टी एकत्र पिळून मनगटाला बांधायचे आणि दिवसभर तसेच हिंडायचे. घाम, पाणी, ऊन, सगळं त्यावरून जायचं. संध्याकाळी पट्टी सोडायची. पांढरीवर डाग असला तर ते जेवताना कुणाशी बोलायचे नाहीत. आईसुद्धा त्या दिवशी भांडी आपटायची नाही. हे बघितलेल्या माणसाला "ग्यारंटी अम्मा" ऐकून काय वाटत असेल ते सांगायला नको.

मग पुतणीचं लग्न ठरलं, पुण्याच्या मुलाशी. जावेने जाहीर केलं की अंतरपाट घरच्या मशीनवर, तिच्या हातचा. मोतिया रंगाचं म्हैसूर रेशीम, मधोमध लाल स्वस्तिक, दोन्ही बाजूंना दोन मोर, खाली लाल कोयऱ्यांची रांग.

मी तिला एकच गोष्ट सांगितली. "अक्का, अंतरपाट दोन्हीकडून दिसतो. खाली बॉबिनला पांढरा दोरा भराल तर मागची बाजू भुतासारखी दिसेल."

"मागून कोण बघतंय?"

"नवरामुलगा. आणि त्याच्या मागे उभी असलेली त्याची आई."

हे मात्र तिला लागलं. तिने वरचा लाल होता तोच बॉबिनलाही भरला. कापडामागे लावायचा कागद फाडून काढला तर कपटे राहतात, म्हणून पाण्यात विरघळणारा कागद आणला. दोन्ही गोष्टी बरोबर. फक्त लाल कच्चा होता, आणि आता तो दुप्पट झाला होता.

मोरांपासूनच रडगाणं सुरू झालं. भिंतीवर उन्हात तापलेला हिरवा दोरा सारखा तुटायचा. मशीन थांबायचं, शिटी मारायचं, जाऊ पुन्हा दोरा ओवायची, पुन्हा शिटी. शिवाय रिळाची खिडकीकडची बाजू विटलेली आणि भिंतीकडची गडद, म्हणून टाक्यात अर्धं वेटोळं फिकट, अर्धं गडद असा दोरा येत गेला. मोराची मान मांजरासारखी पट्टेरी झाली. मी बघायला गेले तेव्हा म्हटलं, "हा म्याव करेल." तिने मला चहा विचारला नाही.

शेवटी काम उरकलं आणि कागद विरघळवायची वेळ आली. टाके दाट, त्यामुळे साध्या पाण्यात कागद जाईना, कापड पापडासारखं कडक राहिलं. तिने बंबातलं कढत पाणी काढलं आणि अंतरपाट त्यात बुडवला.

दुपारची मी जेवून पडले होते. ती बादलीच घेऊन आली. आमच्या घरांमध्ये एक गल्ली. त्या गल्लीतून ती पाण्याने भरलेली बादली घेऊन आली होती, पायऱ्यांवर गुलाबी शिंतोडे.

"बघ गं काय झालं," ती म्हणाली आणि ओट्याला टेकून रडायला लागली.

मी कापड बाहेर काढलं. स्वस्तिकाभोवती लालाचं वर्तुळ पसरलं होतं, कडेला गुलाबी, मग अगदी फिक्कट, मग मोतिया. प्रत्येक कोयरीखाली तसाच ओघळ. मोरांच्या पोटांपर्यंत रंग चढला होता. मी थंड पाण्यात मीठ घातलं, खळबळलं, पाणी बदललं, पुन्हा खळबळलं. नवीन रंग सुटायचा थांबला, पण बसलेला हलेना. रेशीम रंग पितं आणि परत देत नाही.

"आता?" तिने विचारलं.

"आता नवं करायचं. माझ्याकडे पक्का लाल आहे, पक्का पिवळा आहे. मोर नाहीत. साधं स्वस्तिक आणि काठ, दोन्हीकडून सारखं. परवापर्यंत देते."

ती डोळे पुसून कापडाकडे बघत राहिली. मला वाटलं, ती आभार मानायचा विचार करते आहे. ती म्हणाली, "याला शेडिंग म्हटलं तर?"

मी कापड पुन्हा बादलीत टाकलं. तरी मी अंतरपाट केलाच, कारण पोर माझीही होती. लग्नाच्या आदल्या दिवशी इस्त्री करून, मलमलीत गुंडाळून जावेच्या हातात दिला. तिने तो लगेच पिशवीत टाकला, उलगडलाही नाही.

दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकं सुरू झाली आणि दोन्ही गुरुजींनी जो पाट धरला तो गुलाबी डागांचा, म्याव करणाऱ्या मोरांचा होता. कार्यालयाच्या दिव्यांत एकेक ओघळ स्पष्ट दिसत होता. मी अक्षता मुठीत धरून उभी. माझे वडील तेव्हा हयात नव्हते, याचं आयुष्यात पहिल्यांदाच मला बरं वाटलं.

पाट खाली आला, माळा घातल्या, आणि मुलाची आई थेट जावेकडे आली. पुण्याची बाई, बोलणं स्वच्छ, साडी भारी. तिने कापडाचं टोक हातात घेतलं.

"अहो, हे शेडिंग किती सुंदर जमलंय! रंग असा विरत विरत गेलाय. म्हैसूरची खासियत का ही?"

जावेने पदर सारखा केला आणि म्हणाली, "आमचं घराणं रंगाऱ्यांचं ना."

मी तोंड उघडलं होतं. शप्पथ उघडलं होतं. पण बोहल्यावरून पुतणी माझ्याकडे बघत होती. तिला आईच्या बादलीची गोष्ट माहीत होती. मुंडावळ्यांच्या आड तिने ओठ इतके घट्ट मिटले होते की हसू फुटून अख्ख्या लग्नाचा विचका होईल की काय असं वाटत होतं. डोळ्यांनीच ती म्हणत होती, काकू, नको. मी तोंड मिटलं आणि जेवायला गेले. मठ्ठा आंबट होता.

पुढच्या वर्षी पुण्याच्या विहीणबाईंच्या धाकट्या मुलाचं ठरलं. त्यांनी फोन करून जावेला सांगितलं, आम्हाला अंतरपाट तुमच्याच हातचा हवा, अगदी तसाच, शेडिंगवाला. जाऊ दोन दिवस हवेत होती. तिसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली. कोथिंबीर निवडत बसली. शेवटी म्हणाली, "तुझ्या बाबांचा धंदाच होता म्हणून विचारते. रंग मुद्दाम कसा सोडायचा गं?"

मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. ज्या माणसाने रंग सुटू नये म्हणून वर्षानुवर्षं ओल्या पट्ट्या मनगटाला बांधल्या, त्याच्या मुलीला हा प्रश्न.

"त्याच दुकानात जा," मी म्हटलं. "तोच लाल मागा. पाणी कढत घ्या."

ती गेली. त्याच दुकानात, त्याच काचेतून तिने लाल रीळ आणलं. वर रीळ, खाली बॉबिन, स्वस्तिक, कोयऱ्या, सगळं तसंच. बंबातलं कढत पाणी ओतलं. कागद विरघळला, आणि लाल जागचा हलला नाही. तिने पुन्हा पाणी तापवलं. साबण घातला. सोडा घातला. संध्याकाळपर्यंत तिच्या परसातून बादली आपटल्याचे आवाज येत होते. मधल्या काळात माल बदलला होता. दुकानदाराला पत्ताही नसताना त्याच्या काचेत पक्का दोरा येऊन बसला होता.

जाऊ कापड घेऊन दुकानात भांडायला गेली. दीर बरोबर होते, त्यांनी सांगितलेलं मी लिहिते. ती म्हणाली, "रंग का सुटत नाही?" तो बिचारा कापड उलटंपालटं करून बघत राहिला. मग म्हणाला, "अम्मा, मी ग्यारंटी दिली होती की."

पाट तसाच पुण्याला गेला. विहीणबाईंनी फोनवर म्हटलं, "छान आहे हो, पण त्या वेळची मजा नाही. या वेळी हात बदलला का?"

पाठवण्याआधी जावेने तो मला दाखवला होता. मी उजेडात धरला, उलटा केला, ओलं बोट लावून चिंधीवर घासला. स्वस्तिकाची कड सुईच्या टोकाने आखल्यासारखी होती, दोन्ही बाजूंनी. या वेळी हिरवं रीळ नवं आणलेलं, म्हणून मोरही मोरच दिसत होते.

"चांगलं झालंय, अक्का," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

तिच्या कामाची मी केलेली ती पहिली स्तुती. तिने कापड माझ्या हातातून ओढून घेतलं आणि पुढे आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.