उन्हाळ्यासकट

खडूबाई हसायच्या नाहीत. मी रिक्षावाला, गावभर टवाळक्या करून पोट भरणारा. पण माझा एकही विनोद बाईंपुढे पास झाला नाही. तसा शाळेतही मी कधी पास झालो नाही म्हणा.

बाई शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेल्या. नवरा गेलेला, मुलगी सुरतेला. म्हसावदहून त्यांना शेतात न्यायचं काम माझ्याकडे. बांधावर एकाच बाभळीखाली बसायचं आणि समोरचं वावर, मागचा सातपुडा पेस्टलच्या खडूंनी काढायचा, बोटाने रंग चोळत. पेरणी झाली की एक चित्र, कापूस फुटला की एक, गव्हावर धुकं उतरलं की एक, वैशाखात सगळं जळालं की एक. वर्षानुवर्षं तेच.

"बाई, वावर तं समोरच शे," मी एकदा बोललो. "मंग काढतस कसाले?"

"तू रोज आरशामा देखस कसाले? थोबाड तं तुन्हा संगेच शे."

तेव्हापासून मी रिक्षाच्या आरशातही कमीच बघतो. मागचे शिव्या देतात.

वैशाखातल्या एका चित्राची सेवाही माझ्या हातून घडली. कच्च्या रस्त्याने येताना कागदावर धूळ बसली असं वाटलं, म्हणून रुमालाने मन लावून पुसलं. काच लागेपर्यंत पेस्टल म्हणजे नुसता भुगा, हे मला काय ठाऊक. ती धूळ बाईंनीच रंगवलेली होती. निम्मा डोंगर रुमालावर आला. बाईंनी आधी रुमाल बघितला, मग मला.

"सकाय परत जाऊत. डोंगर काय पयी ऱ्हायना का?"

डोंगर खरंच पळाला नव्हता. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या पुन्हा बाभळीच्या विरळ सावलीत, म्हणजे उन्हातच बसल्या. मी रिक्षाच्या सावलीत बसून टरबूज खाल्लं.

पुढे बाईंचे हात थरथरायला लागले. एकदा तरी सगळं वर्ष एका भिंतीवर बघायचं, एवढीच त्यांची इच्छा. शहाद्याला प्रदर्शन ठरलं. आदल्या दिवशी चित्रं टांगली, तर आयोजक साहेब म्हणाले, "हिरवी राहू द्या. ही भकास काढा. मोठे पाहुणे येणार आहेत."

"उन्हाया बी त्याच वावरना शे," बाई म्हणाल्या. "लावानी ते बठ्ठी लावा." सगळी, नाहीतर एकही नाही.

मी शहाणा मध्ये पडलो. "बाई, पाहुणा गया का उन्हाया टांगी देऊत."

"तू रिक्षा काढ."

सगळी चित्रं त्यांनी स्वतः उतरवली आणि बाहेर रस्त्याला कुंपणाच्या भिंतीशी ओळीने लावली. रात्री ती रिक्षातून घरी नेली, दुसऱ्या दिवशी परत तिथंच मांडून डोक्यावर पदर घेऊन बसून राहिल्या. बाजाराला आलेली एक बाई वैशाखापुढे पाटी उतरवून थांबली. "आसंच व्हई जास वं माय," म्हणाली. पाहुण्यांची गाडी काचा लावून आत गेली. बाईंनी तिकडे मान वळवली नाही.

आतली भिंत काही मिळाली नाही. गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या.

आता त्याच साहेबांना बाईंच्या आठवणीत प्रदर्शन भरवायचं सुचलं. बाईंच्या मुलीला, म्हणजे ताईंना फोन केला, फक्त हिरवी पाठवा म्हणाले. ताई सुरतेहून आल्या. आम्ही दोघांनी रिक्षा भरली. हॉलवर साहेब खवळले. "तुला चित्रातलं काय कळतं रे?"

"काहीच नाही साहेब. म्हणून निवडता आली नाहीत, सगळीच आणली."

तोवर ताईंनी पहिला खिळा ठोकून वैशाख टांगलाही होता.