भाऊजी आणि भिंतीपुढची पाच पोरं

जगात रागीट माणसं पुष्कळ असतील, पण आमच्या थोरल्या दिरांसारखा मनापासून, चवीचवीनं आणि रोज नव्या कारणानं चिडणारा माणूस दुसरा जन्माला आलेला नाही, हे मी शपथेवर सांगते. जपानमध्ये त्सुकुबातल्या एका संस्थेत ते काँक्रीटचे खांब मोडून बघायचे. भूकंपात कुठला टिकतो आणि कुठला ढेपाळतो हे शोधायचं, हीच नोकरी. दिवसभर खांब मोडूनही त्यांचं समाधान व्हायचं नाही. संध्याकाळी सायकलवरून आमच्याकडे आले की बूट काढता काढताच सुरुवात. "मेधा, हे वरण आहे की गढूळ पाणी?" मी म्हणायची, "भाऊजी, उद्यापासून तुम्हीच करा." की दोन वाट्या ओरपून मोकळे! लग्न त्यांनी केलंच नाही. चिडायला धाकटा भाऊ आणि भावजय पुरत होतो ना आम्ही.

गंमत म्हणजे हा सगळा जाळ मराठीतला. जपानी ते वर्गात बसून शिकले होते आणि तीही फक्त अतिनम्र, बँकेच्या काउंटरवर बोलतात तसली. जितके चिडतील तितके जास्त अदबीनं बोलणार! स्टेशनबाहेरची त्यांची सायकल एकदा पालिकेनं उचलून नेली, तेव्हा हे तिथल्या माणसाला झाडायला गेले. चेहरा लालबुंद आणि तोंडात अशी साखर, की तो माणूस भारावून त्यांना दारापर्यंत सोडायला आला. घरी येऊन भाऊजींनी तो सगळा राग माझ्या पोळ्यांवर काढला.

अशा माणसाला अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलं ते २०११च्या मोठ्या भूकंपानंतर. त्या मार्चमध्ये त्यांच्या इमारतीची लिफ्ट बंद, नळ कोरडे आणि हे सातव्या मजल्यावर. जवळच्या विद्यापीठाच्या संघातली दांडगी पोरं पाण्याचे कॅन खांद्यावर टाकून रोज जिने चढायची. भाऊजींनी चहा विचारला, तर पोरंच वाकून माफी मागायला लागली, तुम्हाला त्रास झाला म्हणून! "माझ्याकडे पाणी आणतात आणि वर माफी मागतात? डोकं फिरलंय का यांचं?" तेव्हापासून ती पोरं त्यांची झाली. दर रविवारी सामना, आणि डबा करायला मी.

मला त्या खेळातलं एवढंच कळतं की पुढच्या फळीत पाच आडदांड पोरं असतात. चेंडू मागून फेकायचा असेल, तेव्हा समोरून अंगावर येणाऱ्यांना त्यांनी झेलून धरायचं. आणि कुणी चेंडू घेऊन पळणार असेल, तेव्हा समोरच्यांना मागे रेटून वाट करायची. झेलण्यात आमची पोरं एक नंबर, फेकणाऱ्याच्या अंगाला कुणी बोट लावायचं नाही. रेटायची वेळ आली की मात्र सगळा आनंदीआनंद. भाऊजी उठून मराठीत ओरडायचे, "अरे ढकल की! समोर काय तुझा सासरा उभा आहे?" शेजारी बसलेली कुणा पोराची आई घाबरून त्यांना गार चहा द्यायची.

असं का होतं, यावर त्यांचे शोध सुरू झाले. आधी म्हणाले, अंगात ताकद नाही. झालं, मी थालीपिठं आणि उकडलेली अंडी करत बसले. मग म्हणाले, "ही पोरं फार सभ्य आहेत. रस्त्यात कुणाला धक्का लागला तर दिवसभर कुढतील. ती काय ढकलणार?" ढकलतात कसं हे दाखवायला त्यांनी माझा फ्रिज धरला. "कंबर खाली! पाय थांबवायचे नाहीत!" फ्रिज पार बाल्कनीच्या दारापर्यंत गेला आणि वरची लोणच्याची बरणी खाली. मी असली भडकले! "भाऊजी, इथे कैऱ्या काय तुमचा संघ आणून देणार आहे?"

भूकंपानंतरच्या दुसऱ्या हंगामात त्यांचा करार संपत आला होता, येत्या मार्चमध्ये पुण्याला परतायचं होतं. हंगामातला शेवटचा सामना हरला तर संघ खालच्या गटात जाणार होता. "जाण्याआधी यांना वरच्या गटात राहिलेलं बघायचंय मला. बाकी काही नको," भाऊजी म्हणाले. एवढं एकच त्यांनी कधी मागितलं असेल.

म्हणून अंडी घेऊन आम्ही पहिल्यांदाच त्यांच्या सरावाला गेलो. मैदानाला भूकंपात भेगा पडल्या होत्या. त्या बुजवल्यावर तिथे विद्यापीठाच्या पडक्या इमारतीतली ऑफिसं कंटेनरमध्ये आणून ठेवली होती. पोरं जिममागच्या बोळात सराव करत होती, समोर काँक्रीटची भिंत. जोरात रेटलं तर पलीकडचा मित्र भिंतीवर आपटणार. म्हणून बिचारी दोन वर्षं मागे सरकून नुसतं झेलायला शिकली होती.

भाऊजी पांढरे पडले. त्यांनी कप्तानाला, केन्ताला विचारलं, "हे मला सांगितलं का नाही?"

केन्ता म्हणाला, "तुम्हाला काळजी वाटली असती."

तिथून ते तडक विद्यापीठाच्या ऑफिसात. मी मागे धावत. तिथला माणूस हसून म्हणाला, "विचार चालू आहे." भाऊजींनी आधी त्यांच्या त्या मखमली जपानीत विनंती केली. पुन्हा "विचार चालू आहे." मग मात्र त्यांनी जपानी सोडली. "दोन वर्षं विचार? भिंतीपुढे उभं करून खेळायला सांगता? लाज नाही वाटत?" सगळं शुद्ध मराठीत, टेबलावर हात आपटत. त्या माणसाला शब्द एक कळला नसेल, पण चार दिवसांत कंटेनरची एक रांग हलली आणि पोरांना मोकळी पट्टी मिळाली. सामना मात्र अगदी तोंडावर आला होता.

शेवटच्या मिनिटात आम्ही थोडक्यात मागे होतो आणि चेंडू पलीकडे नेला की गुण मिळतात ती रेषा हातभर लांब. चेंडू फेकता आला असता. पोरांनी तो घेऊन पळायचं ठरवलं. पाचही जण खाली वाकून असे घुसले की समोरची फळी खरंच मागे गेली, आणि वर माणसांचा ढीग झाला. पंचांनी एकेकाला उपसून चेंडू बाहेर काढला. तो रेषेच्या वीतभर अलीकडे होता.

हरलो. पोरं रांगेत येऊन आमच्यापुढे वाकली, पुन्हा माफी मागायला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. वाटलं, आता भाऊजी आकाशपाताळ एक करणार.

ते हळूच म्हणाले, "मेधा, हलले ना गं समोरचे?"

"हलले, भाऊजी. चांगले हलले."

"मग यांची दोन वर्षं कुणी खाल्ली?" एवढंच बोलले, आणि पोरांसमोर स्वतः वाकले. बराच वेळ वर आलेच नाहीत.

मार्चमध्ये ते गेले. हल्ली फोनवर फार समजूतदार बोलतात, पुण्यात रिक्षावाल्याशीसुद्धा भांडत नाहीत म्हणे. मला हे लक्षण बरं वाटत नाही. संघ खालच्या गटात आहे, उरलेले कंटेनर मैदानात तसेच आहेत, आणि त्यावर चिडायला इथे आता मी एकटी उरले आहे.