तिसरा अंक राहिला

वाचकहो, आपल्या शहरात काय चालेल आणि काय चालणार नाही, हे ठरवतं कोण? थिएटरचा मालक, मुंबईत बसलेला वितरक, की घरच्या सोफ्यावरून 'येतो ना, नक्की येतो' असं सांगणारे तुम्ही-आम्ही? हा प्रश्न मला एखाद्या परिसंवादात पडला नाही. माझी शकूमावशी गेली त्या सकाळी पडला. शेजाऱ्यांनी कळवल्यावर पुण्याहून तिच्या मुलाचा, दीपकचा, मला फोन आला. "आई गेली वं... झोपेतच." पुढे तो बरंच काही बोलत होता, पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, की मावशीचा तिसरा अंक पाहायचा राहिला. मृत्यूच्या बातमीपुढे ही क्षुल्लक बाब वाटेल. ती तशी नाही, म्हणून लिहिते आहे.

शकूमावशी माझ्या आईची थोरली बहीण. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धानाची कापणी आटोपली की गावोगावी मंडप पडतात आणि गाण्यांनी भरलेली नाटकं होतात. त्या मंडपांत मावशीनं उमेदीची सगळी वर्षं गायली. राणी झाली, सावत्र आई झाली, कजाग सासू झाली. मग गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज घोगरा झाला, नाटक सुटलं. ती इथे नागपुरात, प्रताप नगरात, दीपककडे राहायला आली. त्याची बदली पुण्याला झाली, तेव्हा आईला करमावं म्हणून तो भिंतभर टीव्ही आणि डिस्क लावायचं यंत्र ठेवून गेला. शहरातली एक व्हिडिओ लायब्ररी बंद होत होती, तिथून मावशीनं डिस्कचा एक गठ्ठा उचलून आणला. कारण काय, तर वरच्या डबीवर मुकुट घातलेली एक भरदार बाई तोंड उघडून उभी होती. "मले वाटलं, हे आपल्यातलीच आहे," मावशी म्हणाली. तो ऑपेरा निघाला. म्हणजे अख्खं नाटक गाण्यात. भांडणही गाण्यात आणि मरणही. भाषा इटालियन की जर्मन, याचा तिला पत्ता नव्हता आणि त्यानं तिचं काही अडतही नव्हतं.

मी तेव्हा कॉलेजात होते. माझे बाबा शहराजवळच्या बुटीबोरीच्या कापड कारखान्यात कामाला, आणि कामगार संघटनेची पत्रकं तेच लिहायचे. आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. तेव्हा रविवारी मावशीकडे गेले की पडद्याखालची इंग्रजी वाक्यं तिला मराठीत सांगता सांगता मी मधूनच भाषण सुरू करायचे. "मावशी, हे सगळं राजेरजवाड्यांच्या पैशावर पोसलेलं आहे. मखमली खुर्च्यांत बसणाऱ्यांची दुखणी आहेत ही."

"मंग? राजा मरतेच ना शेवटी?"

"मरतो."

"मंग तुया बापाच्या संघटनेले काय तकलीफ आहे? चूप बस."

खरं तर माझ्या मराठीची तिला गरज नव्हती. त्या स्वच्छ, मोठ्या चित्रात गाणारीच्या मानेवरची शीर दिसायची, ओठावरचा घाम दिसायचा, दातांमागे थरथरणारी जीभ दिसायची. मावशी कथा पाहतच नसे, ती श्वास पाहायची. "पाह्य, आता भरला... पोटात भरला... थांब, आता सोडन," असं पुटपुटताना तिच्याही बरगड्या फुगायच्या. झाडीपट्टीत रंगमंचावर वरून माइक टांगलेला असतो आणि गाणारा त्याच्याखाली येऊन गातो. "इथं तं माइकच नाही वं! काय छाती म्हणावं हिची," हे ती दर रविवारी नव्यानं म्हणायची. गाणं मनासारखं झालं की मांडीवर थाप मारून ओरडायची, "वन्स मोअर!" आणि रिमोटनं मागे न्यायची. मंडपाचा रिवाजच तो. त्यापायी एखादा जखमी नायक बिचारा एका दुपारी पुन्हा पुन्हा मरायचा.

मग शहरातल्या एका मल्टिप्लेक्सनं परदेशी नाट्यगृहातल्या एका ऑपेराचं चित्रण मोठ्या पडद्यावर लावलं. हा ऑपेरा मावशीच्या गठ्ठ्यात नव्हता, कथा तिला ठाऊक नव्हती. ती जांभळी रेशमी साडी नेसून, गजरा माळून आली. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये आम्ही दोघी, एक वयस्कर जोडपं आणि संगीत शिकणाऱ्या दोन मुली. कथा एका बंदरावरच्या विधवेची होती. तिचा मुलगा लढाईवर गेलेला, कित्येक वर्षांनी एक माणूस येतो आणि म्हणतो, मीच तो. गाव म्हणतं, हा तोतया आहे. आता आईनं न्यायालयात सांगायचं, हा माझा की नाही. पहिल्याच मोठ्या गाण्यावर मावशी उभी राहून ओरडली, "वन्स मोअर!" त्या दोन मुली आधी हसल्या, मग त्याही टाळ्या वाजवू लागल्या. "इथं दाबाले काही नाही का?" मावशीनं खुर्चीच्या हातावर चाचपडत विचारलं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती आई त्या माणसाच्या चेहऱ्याकडे हात नेते... आणि पडदा पडला.

पडद्यावर त्या परदेशी नाट्यगृहातले प्रेक्षक मध्यंतरासाठी उठू लागले. इथे हॉलचे दिवे लागले, दारं उघडली, झाडू घेऊन माणसं आत आली. चित्रपटाला एकच मध्यंतर असतं आणि ते आधीच होऊन गेलं होतं, म्हणून यंत्रावरच्या माणसानं खेळ संपला असं धरलं. मावशी मॅनेजरपुढे जाऊन उभी राहिली.

"अजून तिसरा अंक आहे गा!"

"मावशी, संपलं ना. पाहा न, पडद्यावरचे लोकंबी उठून राहिले."

"ते चहा प्याले उठून राहिले! लावा परत."

तोवर चित्र बंद झालं होतं आणि दाराबाहेर पुढच्या सिनेमाची गर्दी उभी होती. चूक कळल्यावर तो मॅनेजर पोरगा खरोखर वरमला. म्हणाला, "एवढ्या रिकाम्या हॉलसाठी वरचे लोक पुन्हा परवानगी देणार नाहीत. तुम्ही माणसं जमवा मावशी, पुन्हा लावायचं काम माझ्याकडे लागलं."

बाहेर येताच मी मोबाइलवर शेवट शोधायला लागले. मावशीनं माझा हातच धरला. "ठेव तो. पाहीन तं भरल्या मंडपात पाहीन." ऑटोत बसल्यावर म्हणाली, "तो तिचा पोरगा नाही. पण बाई हो म्हणन."

"काहून?"

"घरात कोणी पाहिजे ना वं..."

पुढचे दिवस तिचे ध्यास घेतल्यासारखे गेले. भजनी मंडळ, भिशीच्या बाया, बागेत फिरायला येणारे निवृत्त साहेब, सगळ्यांच्या दारी ती गेली. ओट्यावर बसून त्या विधवेची गोष्ट सांगायची आणि नेमकी हात उचलल्या जागी थांबायची. मी पत्रक लिहून दिलं. ते वाचून ती म्हणाली, "काहून धमकी देऊन राहिली? नाटकाले बोलावतं का मोर्चाले?" तरी वाटलं तिनं ते. सगळे म्हणाले, येतो. मॅनेजरनं शब्द पाळला, परवानगी आणली, रविवारची दुपार ठरली.

त्या दुपारी हॉलच्या दारात आम्ही उभ्या होतो. संगीताच्या त्या दोन मुली आल्या, ते वयस्कर जोडपं आलं, भजनी मंडळातल्या एक काकू आल्या. बस. मावशी सरकत्या जिन्याकडे पाहत राहिली. खालून कोणी वर येताना दिसलं की पदर सावरायची, आणि ती माणसं शेजारच्या सिनेमाला वळायची. मॅनेजर दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तो एवढ्या माणसांसाठी खेळ लावता येणार नाही, हे सांगायला. मावशीनंच त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे गा. आमच्या झाडीत लोक बैलगाड्या जुंपून येत. इथं लिफ्ट आहे ना, म्हणून दूर पडते." आम्ही हसलो. ती हसली नाही. त्यानंतरच्या रविवारी मी गेले तर टीव्ही बंद होता. "आज नको वं," म्हणाली. पुढच्या रविवारीही तेच. मग दीपकचा फोन आला.

शोकसभेला सोसायटीचं सभागृह पुरलं नाही. बाहेर मांडवात खुर्च्या टाकाव्या लागल्या. भजनी मंडळ आलं, भिशी आली, निवृत्त साहेब आले. 'कलेसाठी जगलेली माउली' असं कुणीसं म्हणालं, आणि लोकांनी डोळे पुसले. मी मागे उभी राहून खुर्च्या पाहत होते. एवढ्याच माणसांत तो हॉल भरला असता. नंतर एकेक जण मला गाठून सांगू लागला. कुणाकडे त्या रविवारी पाहुणे होते, कुणाचे गुडघे दुखत होते, कुणाच्या नातवाची परीक्षा होती. सगळी कारणं खरी होती, आणि तेच मला जाळतं. यात खलनायक असता तर मी त्याच्या नावानं पत्रक काढलं असतं. 'नागपुरात असलं चालत नाही' हे वाक्य कुणा शत्रूनं आपल्यावर लादलेलं नाही. ते आपण सगळ्यांनी मिळून लिहिलं आहे, घरी बसून काढलेल्या एकेका दुपारीनं. कलावंत जिवंत असताना आपण त्याला होकार देतो, आणि उपस्थिती त्याच्या शोकसभेसाठी राखून ठेवतो.

मी त्या मॅनेजरला परवा भेटले. तो म्हणाला, "मावशी नाहीत, पण माणसं आणली तर मी अजूनही लावतो." म्हणून विनंती करते. या आठवड्यात तुमच्या जवळच्या थिएटरच्या तिकीटखिडकीवर जा आणि ऑपेरा मागा. समजणार नाही असं वाटलं तरी मागा. लागला तर जा, आणि घरातलं एखादं म्हातारं माणूस हाताला धरून न्या. त्या आईनं शेवटी काय सांगितलं, ते मी अजून कुठंही शोधलेलं नाही. मला ते एकटीनं पाहायचं नाही.